बिदागी, नाईट, रॉयल्टी

पेण-रोह्याकडे 'रॉयल्टी' म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे लेखक-कवी येत नाही, डंपर येतो. मुरूम, माती, रेती, दगड, काहीही जमिनीतून उचलायचं तर सरकारला ब्रासमागे पैसे भरायचे आणि पावती गाडीत ठेवायची. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वडखळच्या पुढे कुठे तलाठ्याने हात केला की पहिला प्रश्न, "रॉयल्टी भरली का?" सरकारी कागदावर यालाच 'स्वामित्वधन' म्हणतात, पण तो शब्द कागदाबाहेर कोणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही.

डंपरवाल्याने वापरलेला हा अर्थ चुकीचा तर नाहीच, उलट तोच मूळचा आहे. इंग्लंडात सोन्या-चांदीच्या खाणींवर राजाचा हक्क असे, आणि खणणाऱ्याने राजाला द्यायचा वाटा ती 'रॉयल्टी'. पुढे हा शब्द जमीनमालकाच्या वाट्याला लागू झाला, मग यंत्राचं पेटंट घेणाऱ्याच्या आणि शेवटी पुस्तक लिहिणाऱ्याच्या. लेखकाची रॉयल्टी ही मुरुमाच्या रॉयल्टीची धाकटी बहीण. दोघींचं म्हणणं एकच. वस्तू माझी आहे, तू जितकी उचलशील तितके मोज.

मग नटाचं काय? त्याचा चेहरा, त्याचा आवाज, त्याचं दचकणं, हे एकदा कॅसेटवर उतरलं की लोक वर्षानुवर्षं उचलत राहतात. त्याची पावती कोण फाडतं?

1980च्या दशकात रोह्याजवळ आमच्या मामाच्या वाडीत सत्यनारायण झाला की रात्री 'व्हिडिओ' असायचा. टीव्हीचं खोकं आणि टॉवेलात गुंडाळलेला व्हीसीआर टेम्पोतून यायचा, बरोबर तीन कॅसेटी. पहिला पिक्चर हिंदी, मारामारीचा. मधला मराठी. पहाटेला देवाचा, कारण तोवर म्हाताऱ्या पुन्हा जाग्या झालेल्या असत. चित्रात मुंग्या आल्या की व्हीसीआरवाला झाकण उघडून स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचा आणि आम्ही पोरं ऑपरेशन बघावं तशी भोवती वाकायचो. 'धूमधडाका' मी असाच, खळ्यात सारवलेल्या जमिनीवर पोतं टाकून पाहिला. रिवाइंड करून तोच प्रसंग पुन्हा लावायची फर्माईश झाली, लावला, लोक पुन्हा तितकेच हसले.

त्या रात्रीचा हिशेब मामाने दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून केला होता. व्हीसीआरचं भाडं, कॅसेट लायब्ररीचं भाडं, टेम्पो, चहा-साखर. ज्यांच्यामुळे दीडशे माणसं पहाटेपर्यंत जागी राहिली, त्यांचा त्या हिशेबात कुठे उल्लेख नव्हता, आणि तो असायला हवा असं मामालाच काय, कोणालाच वाटलं नसतं. असं का वाटलं नसतं, ते आपल्या भाषेत शोधावं लागतं.

कलावंताला द्यायच्या पैशाचा आपला जुना शब्द बिदागी. बिदा म्हणजे निरोप. कीर्तनकार, गवई, शाहीर यांना निघताना हातावर ठेवायचं ते बिदागी. शब्दातच व्यवहार संपवलेला आहे. आलात, गायलात, हे घ्या, नमस्कार. बिदागी घेतलेला माणूस पुन्हा दारात येऊन त्याच गाण्याचे पैसे मागायला लागला तर त्याला वेडाच म्हटलं असतं. आणि ते रास्तही होतं, कारण त्याच्या मागे घरात काही उरतच नसे. गाणं त्याच्याबरोबर निघून जायचं.

पण म्हणून 'वर्षानुवर्षं मिळत राहणारा पैसा' ही कल्पना परदेशी आहे असं कोणी म्हणू नये. वर्षासन हा शब्द आपलाच. बलुतं आपलंच. देवळात वाजवणाऱ्या गुरवाला दर आरतीचे पैसे मोजून देत नसत, सुगीला खळ्यावर त्याचा वाटा काढून ठेवत. फरक इतकाच, की हे सगळं सेवा चालू आहे तोवर, आणि बहुधा वतन म्हणून घराण्याला. एकदा केलेल्या कामाच्या प्रतींवर हक्क, हा प्रकार आपल्याकडे नव्हता. कारण प्रती काढणारं यंत्रच नव्हतं.

नाटक कंपन्या आल्या आणि बिदागीच्या जागी पगार आला. 1880ला सुरू झालेली किर्लोस्कर मंडळी, 1913ची गंधर्व मंडळी, यांचे नट कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचे, कंपनीच्या पंगतीला जेवायचे. मग बोलपट आले, कंपन्या मोडल्या, बिऱ्हाडं उठली. महिन्याचा पगार परवडेना, तेव्हा रंगभूमीने एक फार सुटसुटीत शब्द उचलला, नाईट. एका प्रयोगाचं नटाचं मानधन म्हणजे त्याची नाईट. "नाईट किती घेतो?" "नाईट वाढवून मागतोय." दुपारी चारच्या प्रयोगालाही नाईटच मिळते, त्यात कोणाला काही विनोदी वाटत नाही.

मला हा शब्द मराठी रंगभूमीचा सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो. शंभर प्रयोग, शंभर नाइटी. नाटक पडलं तर नाईट बंद. निर्मात्याचं नशीब आणि नटाचं नशीब एका दोरीला बांधलेलं. नाटककाराचंही तेच. गावातल्या हौशी मंडळाने नाटक बसवायचं म्हटलं तरी पुस्तकाच्या आरंभीच सूचना असते की प्रयोगाआधी लेखकाची परवानगी घ्या आणि मानधन पाठवा. म्हणजे लेखकाने एकदा लिहिलेलं नाटक तो झोपेत असताना पेणला झालं तरी त्याला पैसे. याला कोणी खंडणी म्हणत नाही.

सिनेमात मात्र नट पुन्हा बिदागीवर गेला. ठरलेली रक्कम घ्या, सही करा, निघा. नाइटीचं तत्त्व पडद्याबरोबर गेलंच नाही. वास्तविक फिल्म किंवा कॅसेट म्हणजे नटाच्या गैरहजेरीत होणारा प्रयोगच. मामाच्या खळ्यातही त्या रात्री प्रयोगच झाला, वन्समोरसकट.

गाणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट आधी आली, कारण त्यांच्या मागे यंत्र आधी लागलं. 1902ला कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं तेव्हाच बिदागीचा अर्थ मोडला होता. गवई निघून गेला आणि गाणं घरात राहिलं. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी रेकॉर्डच्या विक्रीवर गायकालाही रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. महंमद रफींचं मत उलटं होतं. गाण्याचे पैसे घेतले, व्यवहार मिटला. त्या वादात दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं. रफी मनाने मोठे होते म्हणून तसं म्हणाले, हे मला पटतं. पण ते बिदागीची भाषा बोलत होते आणि लताबाई नाइटीची, हेही दिसतं. बाईंचं बालपण वडिलांच्या नाटक कंपनीत गेलं होतं, हे इथे सहज आठवलं.

नटांची बाब कोर्टात गेली ती मुंबईतच. 1978ला मुंबई उच्च न्यायालयात फॉर्च्यून फिल्म्स विरुद्ध देव आनंद हा खटला झाला. न्यायालयाने सांगितलं की सिनेमातला नटाचा अभिनय 1957च्या कॉपीराइट कायद्यातल्या कोणत्याच 'कृती'च्या व्याख्येत बसत नाही. कथा कृती आहे, संगीत कृती आहे, फिल्मही कृती आहे, फक्त अभिनय नाही. 1994च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क पहिल्यांदा कायद्यात आला. त्यातली कलावंतांची यादी वाचण्यासारखी आहे. नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारासुद्धा. आपला बाल्या नाचवाला त्यात आरामात बसतो. पण त्याच कायद्यात पुढे अशी मेख होती की सिनेमात काम करायला एकदा संमती दिली की त्या कामापुरता हक्क संपला. गारुड्याला मैदानात हक्क, पडद्यावर नाही.

ती मेख 2012ला निघाली. जावेद अख्तर राज्यसभेत होते आणि गीतकार-संगीतकारांसाठी ते हटून बसले होते. त्या दुरुस्तीत कलावंतांचाही दरवाजा उघडला. आता कलम 38अ सांगतं की सिनेमाचा उपभोग निर्मात्याने घ्यावा, पण कलावंताच्या कामाचा व्यापारी वापर झाला तर तो रॉयल्टीला पात्र आहे. श्रेयनामावलीत ज्याचं नाव नाही, जो गर्दीत सहज येऊन गेला, तो मात्र यातून वगळलेला. गायकांनी 2013ला आपली संस्था काढून वसुलीला सुरुवातही केली. हे सगळं झालं तोवर व्हीसीआर भंगारात गेला होता आणि एसटी स्टँडावरच्या कोळीगीतांच्या, शक्ती-तुऱ्याच्या व्हीसीडीही उन्हाने पांढऱ्या पडायला लागल्या होत्या.

अमेरिकेत हे भांडण आधी झालं. 1960ला तिथल्या पडद्यावरच्या नटांनी संप केला, पुढारी रोनाल्ड रेगन. 1960 नंतरचे सिनेमे टीव्हीवर दाखवले तर नटाला पैसे मिळायचं ठरलं. जुन्या सिनेमांवर पाणी सोडून त्या बदल्यात पेन्शन आणि आजारपणाच्या निधीसाठी साडेबावीस लाख डॉलर घेतले. कॅसेटच्या वेळी त्यांचीही फसगत झाली. कॅसेट बनवायला महाग, म्हणून विक्रीतले ऐंशी टक्के आधीच बाजूला काढायचे आणि नट-लेखकांची टक्केवारी फक्त उरलेल्या विसावर मोजायची. पुढे स्वस्त डीव्हीडी आली, हिशेब मात्र महागड्या कॅसेटचाच राहिला. ब्रास शंभर घनफुटांचा आणि रॉयल्टी विसांवर, असं आपल्या डंपरवाल्याला करता आलं असतं तर त्याने केव्हाच बंगला बांधला असता.

नटाला रॉयल्टी देण्याविरुद्धचा सगळ्यात चांगला युक्तिवाद मला हमरापूरला ऐकायला मिळाला. पेणच्या या भागात, हमरापूर-जोह्याला, घरोघर गणपतीचे कारखाने. मे महिन्यात गेलो तर ओळीने रंगाविना पांढरे गणपती, एकसारखे बसलेले. एक कारागीर रबरी साचा मोजा उतरवावा तसा मूर्तीवरून सोलत होता. सोंडेशी आला की थांबायचा, अंगठ्याने कड सैल करायचा, मग एका ओढीत मोकळा. मूळ मूर्ती त्यांच्या वडिलांनी घडवलेली. मी विचारलं, दुसरे लोक याच मूर्तीवरून साचा काढतात, त्याचं काही मिळतं का?

"नाय. मूर्ती इकली, इषय संपला."

"पण घडवली तुमच्या वडिलांनी."

"गणपती काय माज्या बापाचा हाय?" आणि स्वतःच हसले.

हे उत्तर तोडायला सोपं नाही. साचेवाल्याला दर मूर्तीमागे नाही, सुताराला दर बसण्यामागे नाही, मग नटालाच का? मी परतताना याचा बराच विचार केला. एक तर खुर्चीत सुताराचं तोंड दिसत नाही. कॅसेट खपते ती तोंडावरच. दुसरं, त्याच कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्याला नगावर पैसे मिळत होते. मूर्ती खपते ती डोळ्यांवर, हे त्या धंद्याला पक्कं माहीत आहे. तिसरं म्हणजे नटाचं जुनं काम त्याच्याच नव्या कामाच्या आड येतं. चॅनेलला तरुणपणीचा नट फुकट मिळत असेल तर म्हातारपणी त्याला कोण बोलावणार? निर्मात्याचा धोका मोठा, हे खरंच. पण टक्केवारी विकलं तरच द्यायची असते, पडलेल्या सिनेमाची रॉयल्टी शून्य. आणि यात बड्या नटांचा प्रश्नच नाही, ते नफ्यात भागीदारी आधीच लिहून घेतात. प्रश्न आहे तीन प्रसंगांत येऊन हशा घेऊन जाणाऱ्या हवालदाराचा, सासऱ्याचा, दुधवाल्याचा.

गेल्या वर्षी मामाच्या वाडीत मंडळाने नाटक केलं. मामा गेला, खजिनदारी आता मामेभावाकडे. त्याची वही बघायला मिळाली. लेखक मानधन, पडदे, लाइट, मेकअपवाल्याची नाईट, दिग्दर्शकाची बिदागी, वडापाव. हौशी नटांपुढे काही नव्हतं, ते घरचेच. शूटिंग कोणीतरी मोबाइलवर करून यूट्यूबवर टाकलं होतं आणि त्याला दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी बघणारे मिळाले. त्यात म्हाताऱ्याचं काम केलेला पोरगा धाटावच्या एमआयडीसीत पाळीला असतो. तो वहीत डोकावून म्हणाला, "दादा, ह्या यूट्यूबचे काय आले तर?"

मामेभावाने पेनाचं टोपण काढलं, विचार केला, आणि 'यूट्यूब' एवढं लिहून पुढे दोन ओळी मोकळ्या सोडल्या.