तेरची वाट, कल्याणचा राजा आणि निखाऱ्यावरचं मटण

आजचा विषय जरा चविष्ट आहे. 27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि आपल्याकडे एकच गदारोळ झाला. "ही आपली संस्कृती नाही" हे वाक्य तेव्हा तुम्हीही शंभरदा ऐकलं असेल. मग आपल्याच भागात, म्हणजे लातूर-नांदेडच्या आसपास, याबद्दल इतिहास काय सांगतो? मुरलेली वाइन, भाजलेलं मांस आणि सोबत चार माणसं, हे सगळं खरंच बाहेरून आलं का?

सुरुवात तेरपासून करू. लातूरहून फार लांब नाही, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठावर. याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस'. त्यात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं. त्याच भडोचला जहाजातून काय उतरायचं, याची यादीही तिथेच आहे: वाइन, आणि त्यातही इटलीची जास्त पसंत. तेरमध्ये कुणी इटालियन वाइन प्यायलं असं मी म्हणत नाहीये. पण वाट एकच होती. एका टोकाला आपलं कापड, दुसऱ्या टोकाला त्यांची वाइन.

आता मुरलेल्या वाइनचं बघू. ही आवड फक्त रोमनांची होती असं नाही. चरकसंहितेत स्पष्ट म्हटलंय की नवं मद्य जड असतं, आणि जुनं हलकं, भूक वाढवणारं. पुढे मदात्ययाच्या अध्यायात मद्य कसं घ्यावं याचं वर्णन येतं: मनासारखी माणसं सोबत, फळं, खारे पदार्थ आणि तऱ्हेतऱ्हेचं भाजलेलं मांस. कफ प्रकृतीच्या माणसाने मिरी लावलेलं जांगल प्राण्यांचं मांस सोबत घ्यावं, असंही सांगितलंय. आज आपण ज्याला 'पेअरिंग' म्हणतो ते हेच की! आणि मद्यासोबत तोंडात टाकायच्या पदार्थाला संस्कृतमध्ये शब्द आहे 'अवदंश'. आपल्या भाषेत चखणा. अर्थात चरक हेही बजावतात की रीत सोडून घेतलं तर हेच मद्य विष होतं. तेव्हा हा भाग म्हणजे प्यायची शिफारस नाही, हे लक्षात ठेवा.

पुढचा टप्पा अगदी शेजारचा. लातूर आणि नांदेड दोन्हीच्या हद्दीला लागून बिदर जिल्हा आहे. तिथलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तिथला राजा सोमेश्वर तिसरा. याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावं, काय ल्यावं, काय खेळावं, सगळं त्यात आहे. अन्नाच्या प्रकरणात मसाला लावून भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत, डुकरापासून पार शेतातल्या उंदरापर्यंत. आणि खेळांच्या यादीत चक्क 'मदिरापान क्रीडा' आहे. म्हणजे मिळून पिण्याची मैफल दरबाराने बुद्धिबळाच्या रांगेत बसवली होती.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं कसं? कारण राजाकडे लिहून घेणारे होते. आमच्या धंद्यात म्हणतात, ज्याचं डॉक्युमेंटेशन नाही ते नंतरच्या माणसासाठी नसल्यासारखंच. मग त्याच काळात, त्याच मातीत, गावकुसाबाहेर जे निखाऱ्यावर भाजलं जात होतं, त्याचं काय? त्याला कुणी 'उपभोग' म्हटलं नाही. कुणी अध्याय लिहिला नाही. उलट त्या खाण्यावरून माणसांना हिणवलं गेलं.

ही पोकळी भरायला 2015 साल उजाडावं लागलं. धाराशिव जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं आणि मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरातलं मांस, चान्या, चरबी, भाकरी हे सगळं कागदावर आलं. चान्या म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. 2024 मध्ये पुस्तक इंग्रजीतही आलं. राजाच्या भाजलेल्या मांसाला ग्रंथ मिळाला बाराव्या शतकात, या भाजलेल्या मांसाला एकविसाव्या. मधली जवळपास नऊशे वर्षं म्हणजे आपला खरा इतिहास.

म्हणून "आपली संस्कृती" म्हणताना आधी 'आपली' म्हणजे कुणाची, ते विचारा. पिणं-खाणं इथे होतंच. फरक एवढाच, की राजाने केलं तर ती क्रीडा, आणि गरिबाने केलं तर ते व्यसन.

तुमच्या घरी आजी निखाऱ्यावर काय भाजायची, ते तिला एकदा विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कृती, मसाला, नाव, सगळं. लिहून ठेवणारे आता आपणच आहोत. भेटू पुढच्या भागात!