मोहाचें फूल आणि अबकारीचा शिपाई

फाल्गुन सरतां सरतां डहाणू तालुक्यांतील कासा गांवाच्या आसपास मोहाचें झाड पानें टाकून फुलांनीं लगडतें. पहांटे झाडाखालीं फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा पडतो आणि वारली बायका-मुलें टोपल्या घेऊन तीं वेंचावयास जातात. शहरांतील श्रोत्यांस मोह म्हटला कीं दारूच आठवते. वारल्याच्या घरीं मात्र तें अन्नहि आहे; कणगी रिकामी झाली म्हणजे वाळविलेलीं फुलें उकडून पोटाला आधार होतो.

ह्या फुलावर सरकारची दृष्टि वळली ती उत्पन्नासाठीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरगुती भट्टी बेकायदा झाली आणि दारू मक्तेदाराच्या दुकानांतून विकत घेण्याची वस्तु बनली. उरणच्या मोठ्या भट्ट्यांतहि मोहाचीच दारू गाळली जाई, हें येथें विसरतां कामा नये. चोरटें गाळणें तरीहि थांबेना. तेव्हां १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं मोहफुलांचा खास कायदा झाला. डहाणू तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. पिणारा राहिला बाजूस. परवान्यावांचून फुलें सांठविणारी म्हातारीहि गुन्हेगारांत जमा झाली!

पुढच्याच वर्षीं, १८९३ मध्यें, भांग-गांजाच्या चौकशीसाठीं सरकारनें एक कमिशन नेमलें. सुमारें १२०० साक्षी घेऊन त्यानें १८९४ सालीं असा अभिप्राय दिला कीं, माफक सेवनानें फारशी हानि होत नाहीं, आणि सरसकट बंदी केल्यास लोक अधिक घातक नशेकडे वळतील. हा विचार मोहाला कोणीं लावला नाहीं.

त्या कमिशनची भीति अनाठायीं नव्हती. पकडले जाण्याच्या धाकानें भट्टी घरांतून ओढ्याकांठीं गेली कीं तिच्यांत काय पडतें हें पिणाराला कळत नाहीं. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या मालवणींत मिथिल अल्कोहोल मिसळलेल्या दारूनें शंभरावर माणसें मेलीं. ह्या विषावर उपाय आहे, पण तो वेळेवर व्हावा लागतो. आणि डोळ्यांपुढें अंधारी आली तरी काय प्यालों हें दवाखान्यांत सांगावयास ज्याला फौजदाराचें भय वाटतें, त्याची वेळ निघून जाते.

दारू सुटण्याचा एक निराळा मार्गहि ह्याच मुलुखानें पाहिला. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीचा संचार सुरू झाला. मूळ ती देवीच्या रोगाच्या सांथींतली आराधना. अंगांत आलेल्या बाया सांगूं लागल्या, दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, घरें स्वच्छ ठेवा. तें लोण डोंगरांतील आदिवासींत पोंचलें आणि वर्ष संपण्यापूर्वीं सुरत जिल्ह्यांत गेलें. दुकानें ओस पडलीं. दुकानदारांस हें रुचणें शक्यच नव्हतें. गिऱ्हाइकें परत यावीं म्हणून त्यांनीं नाना खटपटी केल्या. पुढें पुष्कळजण पुन्हां पिऊं लागले हेंहि खरें. तथापि शिपायाच्या दंडुक्यानें एवढ्या अवधींत एवढीं माणसें दारूपासून दूर गेल्याचें उदाहरण ह्या भागांत सांपडत नाहीं.

डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहफुलें गोळा करणें, सांठविणें व नेणें ह्यांवरील निर्बंध उठविले. घरीं गाळण्याची मनाई मात्र तशीच आहे.