अलमूत, बगदाद आणि हातातला फोन

२ नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅनाहाइम शहरात ब्लिझर्ड या गेम कंपनीचा वार्षिक मेळावा भरला होता. ‘डायब्लो’ ही या कंपनीची वीस वर्षांहून जुनी मालिका. तिकीट काढून, दूरदूरहून आलेले चाहते पुढच्या मोठ्या भागाची वाट पाहत होते. मंचावरून घोषणा झाली ती ‘डायब्लो इमॉर्टल’ची, म्हणजे मोबाइलवरच्या डायब्लोची. प्रश्नोत्तरांच्या वेळी एकाने उठून विचारलं, ही एप्रिल फूलची थट्टा तर नाही ना? गेम कॉम्प्युटरवर येणार नाही असं कळताच सभागृहातून नाराजीचे आवाज उठले. मंचावरच्या डिझायनरने उलट विचारलं, तुमच्याकडे फोन नाहीत का?

त्या प्रश्नाची जगभर खिल्ली उडाली. मात्र कंपनीच्या बाजूने पाहिलं तर तो अगदीच वेडगळ नव्हता. फोन सगळ्यांकडे असतो. मग हे लोक इतके का बिथरले?

उत्तर शोधण्यासाठी मी दुसऱ्या एका मालिकेचं उदाहरण घेणार आहे. तिचं नाव ‘असॅसिन्स क्रीड’. तिच्या गोष्टीचं मूळ मुस्लिम इतिहासात आहे आणि त्या इतिहासाचं एक पान थेट मुंबई हायकोर्टात उघडलं गेलं होतं.

अलमूत ते मुंबई हायकोर्ट

१०९० साली हसन-इ-सब्बाह याने इराणच्या डोंगरातला अलमूत किल्ला ताब्यात घेतला. तो निझारी इस्माईली पंथाचा नेता होता. समोर बलाढ्य सेल्जूक सत्ता आणि जवळ मोजकी माणसं. उघड्या मैदानात लढणं शक्य नव्हतं, म्हणून किल्ले, गुप्त प्रचारक आणि निवडक राजकीय हत्या असा मार्ग या पंथाने धरला. सीरियात मस्याफच्या किल्ल्यावर त्यांची दुसरी शाखा होती. सलाहुद्दीन अय्यूबीने ११७६ साली त्या किल्ल्याला वेढा घातला आणि नंतर उठवला.

युरोपात पोहोचेपर्यंत या लोकांची दंतकथा झाली होती. त्यांना गुंगीचं पेय पाजून, बागेत नेऊन, जन्नतचं आमिष दाखवलं जातं, ही गोष्ट मार्को पोलोच्या प्रवासवर्णनामुळे घराघरांत गेली. १८०९ साली सिल्वेस्त्र द सासी या फ्रेंच अभ्यासकाने ‘असॅसिन’ हा शब्द ‘हशीश’शी जोडला. नशेत चूर मारेकरी ही प्रतिमा तेव्हापासून पक्की बसली. ती किती पोकळ आहे हे फरहाद दफ्तरी यांनी १९९४ साली ‘द असॅसिन लेजंड्स’ या पुस्तकात दाखवून दिलं.

अलमूतचा अंत १२५६ साली झाला. हुलागू खानाच्या मंगोल फौजेने किल्ला घेतला. सोबत इतिहासकार जुवैनी होता. त्याने तिथल्या प्रसिद्ध ग्रंथालयातून कुरआनच्या प्रती आणि आपल्या पसंतीचे काही ग्रंथ बाजूला काढले आणि उरलेले जाळायला दिले. दोन वर्षांनी, १२५८ मध्ये, बगदाद पडलं.

पण निझारी संपले नाहीत. १८४०च्या दशकात त्यांचे इमाम हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, इराण सोडून हिंदुस्थानात आले आणि पुढे मुंबईत स्थिरावले. तिथल्या खोजा जमातीत वाद पेटला. जमातीच्या मालमत्तेवर हक्क कुणाचा? खोजा मुळात सुन्नी की इस्माईली? प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. १२ नोव्हेंबर १८६६ रोजी न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी निकाल दिला. त्यात त्यांनी अलमूत, हसन-इ-सब्बाह आणि ‘असॅसिन’ यांचा इतिहास तपशिलात मांडला, आणि खोजा हे निझारी इमामांना मानणारे इस्माईली आहेत असा निर्वाळा दिला. युरोपात ज्यांच्या नावाने लोक दचकत, त्यांच्या पंथाचे लोक मुंबईत व्यापारउदीम करत होते. पहिल्या आगाखानांचा इंतकाल १८८१ साली झाला. माझगावच्या हसनाबादमध्ये त्यांचा मकबरा आजही उभा आहे.

पडद्यावरचा अल्ताईर

१९३८ साली स्लोव्हेनियन लेखक व्लादिमीर बार्तोल यांनी ‘अलमूत’ नावाची कादंबरी लिहिली. युबीसॉफ्टच्या माँट्रिअल स्टुडिओत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा पुढचा भाग बनवायचं काम चालू होतं, तेव्हा निर्मात्यांच्या हाती ही कादंबरी आली. राजपुत्र मागे पडला आणि त्याच्या जागी एक असॅसिन आला. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’चा पहिला भाग आला. काळ ११९१, तिसरं क्रूसेड. शहरं दमास्कस, अक्का आणि जेरुसलेम. नायक अल्ताईर इब्न ला-अहद.

हा गेम धंतोलीत पोहोचला तो बर्डीच्या बाजारातल्या डीव्हीडीवरून. आमच्या भागात एका गल्लीत सायबर कॅफे होता. तासाचे वीस रुपये. ज्या मशीनवर हा गेम अडखळत का होईना चालायचा, ती एकच होती आणि तिच्यासाठी नंबर लागायचे. कॉलेज सुटलं की मोमीनपुऱ्यातून दोन-तीन मित्र सायकल हाणत यायचे. एकाने पहिल्यांदा नायकाचं नाव ऐकलं आणि मागे वळून विचारलं, “भाई, ये तो अपनावाला है क्या?”

त्या प्रश्नात काय होतं, हे ज्यांनी ती वर्षं मुस्लिम तरुण म्हणून काढली त्यांना सांगायला नको. ११ सप्टेंबरनंतरचा तो काळ. बहुतेक युद्धाच्या गेम्समध्ये अरबी बोलणारा माणूस फक्त गोळी घालण्यासाठी असायचा. इथे अरबी नावाचा माणूस नायक होता, विचार करत होता, आपल्या उस्तादाशी वाद घालत होता. मशिदीच्या मिनारावर चढून तो शहर न्याहाळायचा आणि आम्ही त्याच्यासोबत दमास्कस बघायचो. गेम सुरू होताना एक टीप यायची, की हे काम वेगवेगळ्या धर्मांच्या आणि श्रद्धांच्या लोकांनी मिळून केलं आहे. आम्ही ती टीप दर वेळी वाचायचो.

इतिहास म्हणून त्यात भरपूर भेसळ होती. अल्ताईरचा पंथ इस्माईली आहे हे गेम कुठे नीट सांगत नाही. पण त्या गेममुळे मी अलमूत शोधायला लागलो, तिथून खोजा खटल्यापर्यंत आलो. पुढे जानेवारी २०१६ मध्ये याच मालिकेत १८४१चं अमृतसर आणि अरबाज मीर नावाचा नायक आला. २०१७ पासून मालिकेने अ‍ॅक्शन रोल-प्लेइंगचं रूप घेतलं. म्हणजे नुसती मारामारी नाही. आपलं पात्र हळूहळू घडवायचं, त्याची हत्यारं आणि कौशल्यं निवडायची, विस्तीर्ण जगात मनाला येईल तिकडे जायचं. २०१८ मध्ये प्राचीन इजिप्तच्या भागाला ‘डिस्कव्हरी टूर’ जोडली गेली. लढाई बंद, फक्त शहर फिरा आणि इतिहास ऐका. शिक्षकांनी ती वर्गात वापरली.

संशय कशाचा?

१० सप्टेंबर २०२२ रोजी युबीसॉफ्टने ‘जेड’ या सांकेतिक नावाचा भाग जाहीर केला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला चीन आणि खेळायचं फोनवर. डायब्लोच्या वेळचा संशय इथेही जागा झाला. त्यात नवलाची गोष्ट अशी, की ही मालिका फोनला अनोळखी नव्हती. अल्ताईरच्या काळापासूनच तिच्या छोट्या आवृत्त्या फोनवर येत होत्या. त्यांच्यावर फारसं कुणी चिडलं नाही. मुख्य गेम वेगळा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. भीती वाटली ती मुख्य गेमच फोनच्या धंद्यात ओढला जाईल याची.

तो धंदा कसा चालतो ते डायब्लोनेच दाखवलं. ‘इमॉर्टल’ जून २०२२ मध्ये आला तो फुकट, आणि शेवटी कॉम्प्युटरवरही. पण पात्राला खरी ताकद हवी असेल तर पैसे भरायचे, आणि ते भरूनही हवी ती वस्तू मिळेलच असं नाही, नशिबावर अवलंबून. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये अशा नशिबाच्या पेट्यांवर निर्बंध असल्यामुळे तो गेम तिथे आलाच नाही. म्हणजे २०१८ साली सभागृहात ओरडणारे लोक फोनवर रागावलेले नव्हते. फोनसोबत काय येणार आहे याचा अंदाज त्यांना आला होता, आणि तो खरा ठरला.

महाराष्ट्रानेही असा एक संशय अनुभवला आहे. युबीसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ साली गेमलॉफ्टकडून आला, आणि गेमलॉफ्ट ही मोबाइल गेम्ससाठी ओळखली जाणारी कंपनी. सप्टेंबर २०२० मध्ये पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने बनवायचं काम असल्याचं जाहीर झालं. इतक्या मोठ्या नावाचं काम भारतात होतंय याचा आनंद होता. पण पहिली झलक पाहून जगभरच्या चाहत्यांनी नाकं मुरडली, चित्रं जुनाट दिसतात म्हणून. तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रिअलला परत गेलं. चाहत्यांचा संशय नेहमीच शहाणा असतो असं मी म्हणणार नाही. एका झलकेवरून केलेला निवाडा इथल्या शेकडो कारागिरांच्या मेहनतीवर पडतो.

छापील कुरआनचा धडा

नव्या माध्यमाविषयीचा असा संशय मुस्लिम समाजाला नवा नाही. छपाई आपण उशिरा स्वीकारली म्हणून आपल्याला नेहमी टोमणा मारला जातो. पण त्यामागची हकिकत पाहायला हवी.

अरबी कुरआन पहिल्यांदा छापला गेला तो १५३७-३८च्या सुमारास व्हेनिसमध्ये. त्यात चुकाच चुका होत्या. मिळत्याजुळत्या अक्षरांत गल्लत झालेली. ज्या ग्रंथात एका नुक्त्याने अर्थ बदलतो, त्याची अशी प्रत कोण हातात घेणार? १७२७ साली इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतेफर्रिका यांना छापखान्याची परवानगी मिळाली, तीही धार्मिक ग्रंथ वगळून.

मग शिळाछाप आली. लिथोग्राफीत कातिब स्वतःच्या हाताने लिहितो आणि तेच अक्षर दगडावरून कागदावर उतरतं. नस्तालीकचं वळण राहतं, मजकूर तपासता येतो. एकोणिसाव्या शतकात लखनौ, कानपूर, मुंबईच्या शिळाप्रेसमधून कुरआनच्या प्रती निघू लागल्या. पूर्वी मोजक्या घरांत असलेला ग्रंथ गरिबाच्या ताकावर आला. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांचा छापखाना तर एका हिंदू मालकाचा होता, आणि त्याचे कुरआन मुस्लिम घरांनी आदराने घेतले.

म्हणजे आपल्या पूर्वजांचं यंत्राशी वैर नव्हतं. मजकूर शाबूत राहतो का, हा त्यांचा सवाल होता. जिथे राहिला तिथे त्यांनी यंत्र आनंदाने घरात घेतलं.

दीड लाखाचं बगदाद

हीच कसोटी आजच्या फोनला लावू. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ आला. काळ नवव्या शतकाचा, शहर बगदाद. खलिफा मन्सूरने ७६२ साली वसवलेलं गोल शहर, बैतुल हिकमा, बाजार, कालवे. हवं तर संपूर्ण गेम अरबी संवादांत खेळा. फिरता फिरता शहराच्या इतिहासाच्या नोंदी वाचा. जून २०२४ मध्ये हा गेम जसाच्या तसा फोनवर आला. सुरुवातीचा भाग मोफत, मग एकदाच किंमत मोजा आणि सगळं तुमचं. मजकूर शाबूत. शिळाछापच म्हणा ना.

फक्त तो चालत होता आयफोन १५ प्रो आणि त्यावरच्या फोनवर. भारतात त्या फोनची सुरुवातीची किंमत होती १,३४,९०० रुपये.

धंतोली हा दवाखान्यांचा भाग आहे. इथल्या फुटपाथवर, पायऱ्यांवर गावाकडून आलेल्या पेशंटची पोरं तासन् तास बसलेली दिसतात. हातात दहा-बारा हजारांचा फोन. त्यांच्या वाट्याला हे बगदाद येत नाही. त्यांच्यासाठी फुकट उघडणारे, चमचमत्या पेट्यांचे गेम आहेत. माझ्या भाच्याने अशाच एका गेमवर अम्मीच्या फोनमधून दोन महिन्यांत साडेतीन हजार उडवले. विचारलं तर म्हणाला, “मामू, पेटीत तलवार निघणार होती, निघाली नाही.” ज्याला आपल्याकडे मैसिर म्हणतात, जुगार म्हणतात, त्याहून हे कितीसं वेगळं? ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पेटीतून पैसे नाही, चित्रातली तलवार निघते, त्यामुळे हा धंदा बहुतांशी त्याच्या बाहेरच राहतो.

म्हणून चाहत्यांच्या कुरबुरीला मी पोरकटपणा म्हणत नाही. त्यांनी जपलेली गोष्ट म्हणजे एकदा किंमत मोजून पूर्ण मिळणारं, मन लावून फिरता येणारं जग. आमच्या पिढीला ते वीस रुपये तासाने, चोरीच्या डीव्हीडीवर का होईना मिळालं, आणि काही जण त्यातून इतिहासाच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले. आजच्या पोरांच्या खिशात आमच्या त्या मशीनहून कितीतरी ताकदवान यंत्र आहे.

घरात कुणी नवा गेम मागितला तर फोन हिसकावण्याआधी एवढं पाहा : किंमत एकदाच द्यायची आहे की रोज थोडी थोडी? पैसे भरल्यावर काय मिळणार हे आधी सांगितलंय का? आणि गेम बंद केल्यावर मुलाकडे विचारण्यासारखा एखादा प्रश्न उरतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच्या शेजारी बसून थोडा वेळ तुम्हीही बगदाद बघून घ्या.