मिनिटाला नव्वद फूट

बोलपट प्रथम कोणी काढला, असा प्रश्न केला की उत्तर ठरलेले असते. अमेरिकेतला मनुष्य वॉर्नर बंधूंचे नाव घेतो आणि ६ ऑक्टोबर १९२७ ही तारीख सांगतो. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये ‘द जॅझ सिंगर’ झळकला. आपल्याकडचा मनुष्य अर्देशिर इराणींचे नाव घेतो आणि १४ मार्च १९३१ ही ‘आलम आरा’ची तारीख सांगतो. दोन्ही उत्तरे चूक नाहीत. परंतु पडद्यावरच्या माणसाला एकदा बोलावयास लावणे हे एक काम, आणि तोच माणूस शेकडो गावांतल्या थिएटरांत, रोजच्या प्रत्येक खेळाला, त्याच आवाजात बोलेल अशी व्यवस्था करणे हे अगदी निराळे काम. पहिले काम एडिसनने १९१३ सालीच करून दाखविले होते. त्याच्या किनेटोफोनमध्ये पडद्यापाशी फोनोग्राफ ठेवीत आणि लांब दोरीने व कप्प्यांनी तो मागच्या प्रोजेक्टरशी जोडीत. दोरी जराशी घसरली की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे! प्रेक्षक हसू लागले आणि ते यंत्र लौकरच अडगळीत गेले. दुसरे काम कसे पार पडले, त्याची हकीगत येथे सांगावयाची आहे. तिला एखादा नायक नाही. असलीच तर एक सभा आहे, आणि सभेच्या हकीगती सहसा कोणी लिहीत नाही.

१९१६ साली वॉशिंग्टन येथे चार्ल्स फ्रान्सिस जेंकिन्स नावाच्या संशोधकाने मूठभर मंडळी जमवून ‘सोसायटी ऑफ मोशन पिक्चर इंजिनियर्स’ स्थापन केली. जेंकिन्स प्रोजेक्टरच्या आरंभकाळापासून या धंद्यात धडपडलेला होता आणि पेटंटांच्या भांडणात पोळलेलाही होता. सरकारी मानक कार्यालयाचे चिटणीस हेन्री हबर्ड यांनी संस्थेच्या सुरवातीलाच भाषण केले, त्याचा विषयच मुळी ‘प्रमाणीकरण’ हा होता. फिल्मच्या कडेची भोके एकसारखी असावीत, एकाच्या कारखान्यातली फिल्म दुसऱ्याच्या यंत्रात बसावी, एवढीच प्रारंभीची मागणी. संस्थेची रीत साधी होती. ठराविक काळाने संमेलन भरवावयाचे, कच्ची फिल्म करणाऱ्याने, दिवे करणाऱ्याने, प्रोजेक्टर करणाऱ्याने आपापले निबंध वाचावयाचे, इतरांनी शंका विचारावयाच्या, आणि निबंधाबरोबर तो सवालजबाबही छापावयाचा. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक पळविणारे लोक या व्यासपीठावर एकमेकांच्या चुका दुरुस्त करीत बसत, हे त्या जुन्या अंकांत मोठे मौजेचे वाटते.

तरीपण मूकपटाच्या काळी या संस्थेचे ऐकत होते कोण? चित्रण मिनिटाला ६० फूट वेगाने करावे, म्हणजे सेकंदाला १६ चौकटी, असे तिने ठरविले होते. कॅमेरामन हाताने दांडा फिरवीत असे आणि त्याचा हात त्याच्या मर्जीने चाले. थिएटरचा मालक तर फिल्म याहून कितीतरी वेगाने पळवी. वेग वाढविला की दिवसात एक खेळ जास्त बसतो! पडद्यावरची माणसे तुरुतुरु चालली तर डोळा ते सोसतो. कान सोसत नाही. फिल्म दहा टक्के वेगाने गेली की गाणाराचा स्वर जवळजवळ दोन पट्ट्या वर चढतो आणि धीरगंभीर नायक चिरक्या आवाजात बोलू लागतो. आवाज आला त्या दिवशी वेग हा मालकाच्या मर्जीचा विषय राहिला नाही.

मग कोणता वेग धरावयाचा? वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे इंजिनियर स्टॅन्ले वॉटकिन्स हे वॉर्नर बंधूंसाठी व्हिटाफोनची रचना करीत होते. शास्त्राप्रमाणे पाहता सहा महिने प्रयोग करून योग्य आकडा काढावयास हवा होता, असे त्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितले. प्रत्यक्षात त्यांनी काय केले? वॉर्नरच्या मुख्य ऑपरेटरला बोलावून विचारले, ‘तुम्ही फिल्म कोणत्या वेगाने चालविता?’ तो म्हणाला, मोठ्या थिएटरांत मिनिटाला ८० ते ९० फूट. लहान थिएटरांत १०० फूट आणि त्याच्याही वर, जसे खेळ बसवावयाचे असतील तसे. यांनी थोडा विचार केला आणि ९० वर बोट ठेवले. फुटाला १६ चौकटी, म्हणजे सेकंदाला २४. हा आकडा साऱ्या जगाने स्वीकारला. आज बहुतेक थिएटरांतून फिल्म नाहीशी झाली, यंत्रात संगणकी चित्रे आली, तरी सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनीच घेतला जातो. प्रयोगशाळेपेक्षा त्या ऑपरेटरच्या अनुभवाचा वाटा यात अधिक आहे, आणि मला तर त्यात कमीपणा दिसत नाही.

व्हिटाफोनचा आवाज तबकडीवर होता. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘डॉन जुआन’ या चित्राबरोबर तो प्रथम लोकांपुढे आला. सोळा इंची तबकडी, मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर फेरे, आणि सुई मधून कडेकडे जाणारी. एका रिळाला एक तबकडी. वीसेक वेळा वाजली की ती झिजे व टाकून द्यावी लागे. पण खरी पंचाईत निराळीच. फिल्म तुटली आणि ऑपरेटरने दोन चौकटी कापून सांधा मारला, तर तेथून पुढचे सारे रीळ दोन चौकटींनी चुके. म्हणून कापलेल्या जागी तेवढीच काळी फिल्म मोजून जोडावी लागे. सुई उडाली तर देवच तारी!

दुसरा मार्ग आवाज फिल्मवरच छापण्याचा. चित्राच्या बाजूला एक बारीक पट्टी ठेवावयाची, तिच्यावर आवाजाच्या लहरी प्रकाशाने उमटवावयाच्या आणि थिएटरात त्या पट्टीतून प्रकाशाचा किरण काढून तो फोटोसेलवर पाडावयाचा. येथे एक गुंता आहे. चित्राची फिल्म भिंगापुढे सेकंदाला २४ वेळा थबकत, धक्के खात जाते; आवाजाची मात्र संथ, अखंड धावली पाहिजे. म्हणून आवाज वाचण्याची जागा चित्राच्या जागेपासून सुमारे पंधरा इंच दूर ठेवतात आणि आवाज चित्राच्या वीसेक चौकटी पुढे छापतात. हे अंतर सर्वांनी एकच धरले नाही, तर एका कंपनीचे चित्र दुसरीच्या यंत्रात एडिसनच्या दोरीसारखेच वागेल.

आणि कंपन्या तर अनेक. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पट्टीवर आडव्या रेघांचा काळेपणा कमीजास्त होई, आर. सी. ए. च्या पट्टीवर करवतीच्या दात्यांसारखी कड दिसे. दिसावयास इतक्या वेगळ्या, पण फोटोसेलला त्याचे काय? त्याला पोचणाऱ्या प्रकाशाशी काम. हे यंत्रशास्त्राला ठाऊक होते. वकिलांना पटावयास वेळ लागला. धंद्यातल्या पाच बड्या कंपन्यांनी मात्र फेब्रुवारी १९२७ मध्येच शहाणपणा दाखवून आपसात करार केला, की घ्यावयाची तर सर्वांनी मिळून एकच पद्धत घ्यावी, तोवर थांबावे. सव्वा वर्ष त्या थांबल्या आणि मे १९२८ मध्ये बड्या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकशी सह्या केल्या. त्यानंतर हॉलिवूडमध्ये जी धांदल उडाली, तिच्यात या सभांचे खरे मोल कळले.

स्टुडिओतले कार्बनचे आर्क दिवे गुणगुणत असत. मूकपटाला त्याचे काही वाटले नाही, मायक्रोफोनला वाटले. साध्या विजेच्या तारेचे दिवे निमूट जळत, पण त्यांचा प्रकाश तांबूस, आणि जुन्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडा रंग ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म तयार होती, परंतु ती या दिव्यांत कशी वागेल? १९२८ च्या जानेवारीपासून वॉर्नरच्या स्टुडिओत तीन महिने याचे प्रयोग चालले. कॅमेरामनांची संस्था, निर्मात्यांची संस्था आणि नुकतीच स्थापन झालेली अकादमी यांनी ते मिळून केले. एका मालकाच्या जागेत त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे कॅमेरामन येऊन काम करून गेले! एप्रिलमध्ये इंजिनियरांच्या सोसायटीचे संमेलन हॉलिवूडमध्ये भरले, तेव्हा हे सारे निष्कर्ष तेथे मांडले गेले. पुढे आर्क दिव्यांची गुणगुणही बंद करता आली आणि ते परत आले, ही गोष्ट वेगळी.

अकादमीविषयी एक खुलासा केला पाहिजे. आपण तिला बक्षिसांवरून ओळखतो. १९२७ मध्ये मालकांनी ती काढली, त्यात स्टुडिओतल्या कामगार संघटना दूर ठेवण्याचाही हेतू होता. पण तिच्या तांत्रिक समित्यांनी केलेले काम चोख आहे. आवाज आल्यावर स्टुडिओतले शेकडो अनुभवी लोक एकाएकी अडाणी ठरू लागले. आपली नोकरी टिकते की काय, हा त्यांचा घोर होता. अकादमीने त्यांच्यासाठी ध्वनिशास्त्राची व्याख्याने सुरू केली. कॅमेरामन, संकलक, रसायनशाळेतले कारागीर रात्री येऊन लहरी, कंपने आणि फोटोसेल शिकू लागले. एक व्याख्यानमालाच ती! तिचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅमेऱ्याची घरघर लपविण्यासाठी कॅमेरामनला बंद पेटीत कोंडीत आणि तो आत घामाने निथळे. कोणत्या स्टुडिओने कॅमेऱ्यालाच पांघरूण घालून त्याची सुटका केली, याची पाहणीही या समित्यांनी करून छापली.

आवाजाच्या पट्टीने चित्राची एक कड खाल्ली आणि चित्र जवळजवळ चौकोनी झाले. कोणी ऑपरेटर वरून कापी, कोणी खालून, आणि नटांची डोकी किंवा पाय जात. अखेर १९३२ मध्ये उंचीच्या १.३७ पट रुंदी असे माप अकादमीने ठरविले आणि वाद मिटला. त्याआधी, १९३१ मध्ये, अकादमीने प्रथमच शास्त्रीय कामगिरीची पारितोषिके दिली. फिल्मवरची खरखर घालविण्याच्या साधनाबद्दलचे पारितोषिक वेस्टर्न इलेक्ट्रिकची शाखा, आर. सी. ए. फोटोफोन आणि आर. के. ओ. यांना मिळून दिले. कोर्टात भांडणारे एका ओळीत बसले.

ही सारी देवघेव पाहून आपल्याकडे वळले की चित्र पालटते. छापलेले ज्ञान आपल्याकडे रुजण्याआधी यंत्रे येऊन पोचली. इराणींनी मुंबईत एक्सेलसियर थिएटरात ‘शो बोट’ पाहिला आणि अमेरिकेहून टॅनार पद्धतीचे यंत्र मागविले. त्यात चित्र व आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत. आधी सांगितलेले वीस चौकटींचे अंतर येथे आडवे येते: चित्र जेथे कापावे तेथे आवाज शब्दाच्या मध्यावर असावयाचा. यंत्राबरोबर विल्फर्ड डेमिंग नावाचे अमेरिकन तज्ज्ञ आले. त्यांचा आकार रोजचे शंभर रुपये, त्या काळचे. इराणींना तो परवडेना. म्हणून त्यांनी आणि रुस्तम भरुचांनी थोड्या दिवसांत जमेल तेवढे शिकून घेतले आणि ध्वनिमुद्रण स्वतःच केले. आवाज बाहेर रोखणारा स्टुडिओ नव्हता आणि जवळूनच रेल्वे जात होती. गाड्या थांबल्या की रात्री काम सुरू व्हावयाचे. ज्या प्रश्नावर हॉलिवूडमध्ये समित्या बसल्या, तो मुंबईत आगगाडीच्या वेळापत्रकाने सोडविला!

डेमिंग यांनी हिंदुस्थानातील अनुभव परत गेल्यावर अमेरिकन कॅमेरामनांच्या मासिकात लिहिले. आपल्या लोकांपाशी असे मासिक नव्हते, आणि शंका विचारावयास संमेलनही नव्हते. कोल्हापुरात ‘प्रभात’ने बोलपट काढावयाचे ठरविले, तेव्हा ध्वनीची बाजू विष्णुपंत दामल्यांनी उचलली. दामले मूळचे चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. पडदे रंगविणारा त्यांचा हात मायक्रोफोनकडे वळला. ‘अयोध्येचा राजा’ फेब्रुवारी १९३२ मध्ये लागला. त्यासाठी नटांनी आपली भाषणे मराठीत एकदा आणि हिंदीत पुन्हा एकदा केली, आणि दोन्ही वेळा दामल्यांच्या यंत्रातून फिल्म मिनिटाला नव्वद फूट याच वेगाने गेली.