मातीच्या धरणातील अंतर्गत धूप: बार्कर धरणाच्या निमित्ताने

१. दोषाचे स्वरूप
मातीचे धरण पाझरतेच. पाझरणाऱ्या पाण्याबरोबर मातीचे कण वाहू लागले की अंतर्गत धूप सुरू होते. पाणी बाहेर पडते तेथला कण आधी सुटतो. त्यामुळे पाझराची वाट आखूड होते, पाण्याच्या दाबाचा उतार तीव्र होतो आणि पुढचा कण सुटतो. अशी पोकळी पायथ्याकडून जलाशयाकडे सरकते. अमेरिकेतील टेटन धरणावर ५ जून १९७६ रोजी सकाळी गढूळ गळती दिसली. दुपार होण्याआधी धरण फुटले.

२. कमकुवत जागा
माती आणि काँक्रीट जिथे भेटतात तो सांधा सर्वांत नाजूक. विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या, नळाखाली व कडेला रोलर नीट पोहोचत नाही, दबाई अपुरी राहते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हाही विमोचकावरचाच भराव खचला होता.

३. बार्करचा अनुभव
अमेरिकेतील ह्यूस्टनजवळ, शुगर लँडच्या उत्तरेला, १९४५ मध्ये पुरा झालेला बार्करचा सुमारे २२ किलोमीटरचा बांध आहे. शेजारचे ॲडिक्स १९४८ चे. पूर येईल तेव्हाच ही धरणे भरतात. आरंभी त्यांच्या प्रत्येकी पाचपैकी बहुतेक नळांना दारे नव्हती. पाणी आपोआप निघून जाई. पुढे खाली ह्यूस्टनची वस्ती वाढली, १९६३ पर्यंत सर्व नळांना दारे बसली आणि पाणी अधिक काळ साठू लागले. माती तीच राहिली, तिच्यावरचा भार बदलला. नंतर पाझर रोखण्यासाठी बांधात खोल अभेद्य पडदा घालावा लागला. २००९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने दोन्ही धरणे अत्युच्च जोखमीच्या वर्गात टाकली. जुन्या विमोचकांभोवतीची पोकळी व पाझर हे त्यामागचे एक मोठे कारण होते. नव्या विमोचकांचे काम चालू असतानाच ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने दोन्ही जलाशय विक्रमी पातळीला नेले.

४. उपाय
पडदा पाझर कमी करतो. कण अडवतो तो गाळणी थर. या थरातील वाळू पाणी जाऊ देईल इतकी जाड आणि मूळ मातीचे कण अडकतील इतकी बारीक हवी. नळाभोवती असा थर नसलेले प्रत्येक जुने धरण आधी तपासावे. भरावावरची झाडे वेळीच काढावीत, बिळे बुजवावीत. पाझराचे माप जलाशयाच्या पातळीसोबत नोंदवावे: पातळी तीच असताना पाझर वाढला किंवा पाणी गढूळले, तर त्याच दिवशी पातळी उतरवायला घ्यावी. बार्करसारख्या एरवी कोरड्या धरणावर ही परीक्षा क्वचितच मिळते, म्हणून तेथे पुराचा प्रत्येक तास बांधावर माणूस हवाच.