यावत्तावत्

शाळा सोडून ज्यांना तीस-चाळीस वर्षे झाली, त्यांच्याही कानात ‘समजा, ती संख्या क्ष आहे’ हे वाक्य राहिलेले असते. बाकीचे बीजगणित माणूस विसरतो. हे ‘समजा’ मात्र विसरत नाही. त्यातला ‘क्ष’ अगदी अर्वाचीन. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली अज्ञात राशींसाठी रोमन वर्णमालेतील शेवटची अक्षरे योजिली; त्यांतल्या एकाचा आपण क्ष केला. ‘समजा’ त्याहून फार जुने आहे, आणि मजा अशी की ते एक नसून दोन आहेत.

पहिले ‘समजा’ इजिप्तमध्ये सापडते. ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमारास आहमेस नावाच्या लेखनिकाने एका जुन्या ग्रंथाची नक्कल केली, तीत हे उदाहरण आहे : एका राशीत तिचाच सातवा भाग मिळविला तर १९ होतात, राशी कोणती? आहमेस म्हणतो, ७ धर. सातात सातवा भाग मिळविला, ८ झाले. हवे होते १९. मग ८ ला जितक्या पटीने वाढविले असता १९ होतात, तितक्या पटीने ७ ला वाढव. उत्तर सोळा पूर्णांक पाच अष्टमांश.

यालाच आपल्याकडे इष्टकर्म म्हणत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) कमळांचे उदाहरण आहे. कमळांच्या राशीतील तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला. उरलेली सहा गुरुचरणी ठेविली. एकंदर कमळे किती? साठ धरा. वीस, बारा, दहा आणि पंधरा मिळून सत्तावन्न गेली, उरली तीन. उरावयास हवी होती सहा. तेव्हा साठाची दुप्पट, १२०. पाटीची देखील गरज नाही!

पेशावरकडील बक्षाली गावी १८८१ साली भूर्जपत्रांवरील एक हस्तलिखित जमिनीत मिळाले. ते आज ऑक्सफर्डला आहे. त्याच्या काळाविषयी विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. त्यात पहिल्याला काही दिले, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट, तिसऱ्याला दुसऱ्याच्या तिप्पट, चौथ्याला तिसऱ्याच्या चौपट, मिळून १३२, असे एक गणित आहे. पहिल्याच्या जागी एक ठिपका आहे. हा ठिपका म्हणजे शून्य, म्हणजेच रिकामी जागा. त्या जागी १ घालावा. एक, दोन, सहा, चोवीस मिळून ३३ होतात. १३२ ला ३३ ने भागून ४ हे उत्तर येते. न कळलेल्या गोष्टीसाठी निदान जागा राखून ठेवावी, एवढी जाण येथे दिसते.

आता भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणिता’तील घोडे पाहू. एकाजवळ ६ घोडे आणि रोख ३००. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे, पण डोक्यावर १०० कर्ज. दोघांचे धन सारखे. घोड्याची किंमत काय? येथे इष्टकर्म पांगळे होते. किंमत ५० धरली तर पहिल्याचे धन ६०० होते. किंमत दुप्पट केली तर धन १२०० व्हावयास हवे, ते होते ९००. तीनशेची रोकड घोड्यांच्या किमतीबरोबर वाढत नाही, त्यामुळे त्रैराशिक मोडते. दोनदा इष्ट धरून यातून वाट काढता येते, चीनमध्ये आणि अरबांत ती प्रचारात होती. पण भास्कराचार्य त्या वाटेने जात नाहीत. ते घोड्याच्या किमतीला ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे ‘जितकी असेल तितकी’. तिचे आद्याक्षर ‘या’, रोकडीचे ‘रू’. एका ओळीत ‘या ६ रू ३००’, तिच्याखाली ‘या १० रू १००’, आणि कर्जाच्या शंभरावर टिंब. खालच्या दहांतून वरचे सहा वजा केले, ४ उरले; उलट बाजूने तीनशेतून ऋण शंभर वजा केले, ४०० झाले; एका घोड्याचे १००. ताळा पाहा : दोघांचेही ९००.

पुष्कळांची समजूत अशी की बीजगणित म्हणजे अंकगणिताचा संक्षेप, संख्येऐवजी अक्षर लिहिले की झाले. मला हे मुळीच मान्य नाही. इष्ट ही जाणूनबुजून धरलेली खोटी संख्या आहे. तिच्यातील खोट मोजून मागाहून दुरुस्त करावयाची. यावत्तावत् खोटे नाही. जे आपणांस ठाऊक नाही त्याला ठाऊक नाही असेच म्हणून त्याची बेरीज-वजाबाकी करावयाची, हा निराळा विचार आहे.

हा विचारही भास्कराचार्यांचा स्वतःचा नव्हे. आर्यभटांनी ४९९ साली दोन सधन माणसांचे असेच सूत्र एका श्लोकात दिले आहे. तेथे अज्ञात किमतीच्या वस्तूला ‘गुलिका’ म्हटले आहे. रोकडीतील अंतराला गुलिकांतील अंतराने भागावे, की गुलिकेचे मोल निघते. ६२८ साली ब्रह्मगुप्तांनी त्यास ‘अव्यक्त’ म्हणून सर्वसाधारण रूप दिले. म्हणजे घोडेवाल्यांचा हा हिशेब साडेसहाशे वर्षे हस्ते परहस्ते चालत आला होता. म्हणून सारे काही आपल्याच पूर्वजांनी शोधले असे मात्र कोणी म्हणू नये. आहमेसला आपल्या देशाची माहितीही नव्हती, आणि ज्या ग्रंथाच्या नावावरून युरोपात ‘आल्जिब्रा’ शब्द गेला तो नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिज्मीने लिहिला. त्यात एकही चिन्ह नाही, सारे शब्दांत.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी १२०७ च्या सुमाराचा, शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनी मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील मांडलिकाने त्यास दान दिले. लेख संस्कृतात आहे, परंतु शेवटी भाषा बदलते. मठाला नित्य खर्चासाठी काय काय मिळावे हा तपशील जुन्या मराठीत खोदलेला आहे, आणि त्यात गावच्या तेल्यांनी घाण्यामागे पळीपळी तेल द्यावे, असेही आहे.