पाचाडच्या पायऱ्या आणि टाचेमागची शीर

मे 1674. राज्याभिषेकासाठी आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेन पाचाडात मुक्काम करून होता. महाराज प्रतापगडाहून परतल्यावर मग त्याला गड चढायचा होता. जिजाऊसाहेबांचा वाडाही पाचाडातच, कारण उतारवयात गडावरची थंड हवा त्यांना मानवेना. राजधानी वर आणि वस्ती पायथ्याशी, त्यामुळे चढउतार हा कारभाराचाच भाग होता. 1996 मध्ये रोपवे आला. तोवर ही सारी ये-जा माणसाच्या पायांवर, आणि पालखी-डोली असेल तेव्हा भोयांच्या पायांवर, चालली.

चित्दरवाजापासून सुमारे 1,400 ते 1,500 पायऱ्या. दर पायरीला चवडा टेकतो, टाच किंचित खाली जाते आणि देहाचा भार पोटरीतून टाचेमागच्या जाड शिरेवर, म्हणजे धोंडशिरेवर येतो. स्नायूला हाडाशी बांधणारी ही कंडरा. सुश्रुतसंहितेत एकूण 16 कंडरा मोजल्या आहेत, त्यांतल्या 4 पायांत.

मावळ्यांची अंगे लवचीक होती म्हणून त्यांचे पाय टिकले, असे आपण सहज बोलून जातो. नाते इतके सरळ नाही. गंमत अशी, की यावरचे दोन बोलके अभ्यास सैनिकी प्रशिक्षणार्थींवरच झाले. 1999 च्या अभ्यासात अमेरिकी नौदलाच्या सील पथकाचे उमेदवार होते. गुडघा सरळ ठेवून ज्यांचे पाऊल वर कमी वळे, म्हणजे पोटऱ्या आखडलेल्या, त्यांची धोंडशीर अधिक दुखावली. 2006 मध्ये बेल्जियमच्या 69 लष्करी छात्रांत मात्र उलटे दिसले. शीर दुखावलेल्या 10 जणांचा घोटा उलट जास्तच वळत होता, आणि पोटरीतली ताकद कमी होती.

आखडलेला स्नायू ताण कंडरेवर ढकलतो हे खरे. पण लवचीक नि दुबळा स्नायूही तिला वाचवत नाही. कंडरा भार सोसूनच बळकट होते, तेही स्नायूपेक्षा सावकाश. रोज गड चढणाऱ्याला तो भार आपोआप, थोडाथोडा मिळे. वर्षभर खुर्चीत बसून 6 जूनला एकदम गड चढणाऱ्याला तो एका सकाळीत मिळतो. चित्दरवाजाशी दोन मिनिटे पोटऱ्या ताणून हे अंतर भरत नाही; त्यासाठी मार्चपासूनच घरचा जिना धरावा.

दुखावलेल्या धोंडशिरेवर स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये जो व्यायाम मांडला, त्याचे साधनही पायरीच आहे. कडेवर चवडा ठेवायचा, टाच सावकाश खाली सोडायची. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. त्यांच्या पाहणीतले पंधराही जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले.